घरमालक रात्री कुठे असतो?

आईच्या पंचाहत्तरीला आम्ही अकरा जणांनी घाटमाथ्यावरचा एक बंगला दोन रात्रींसाठी घेतला होता. चार बेडरूम, मागे पोहण्याचा तलाव, पुढे हिरवळ. फोटोत दिसलं होतं तसंच सगळं होतं. पहिल्या रात्री साडेदहाला नळाचं पाणी गेलं. केअरटेकर किल्ल्या देऊन सात वाजताच गावात निघून गेला होता आणि त्याचा फोन बंद होता. मालक मुंबईत. त्यांनी फोन उचलला, मनापासून दिलगिरीही व्यक्त केली, पण पंपाचं बटण कुठे आहे हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. शेवटी भावाने आणि मी तलावातून बादल्या भरून संडासात नेऊन ठेवल्या. आईला रात्री दोनदा उठावं लागतं. अंधारात ती बादलीला अडखळेल या धास्तीने मी तिच्या खोलीच्या दाराशीच चटई टाकली.

आणखी एक गोष्ट घरी परतल्यावर लक्षात आली. स्वयंपाकघर आहे म्हटल्यावर नाश्ता तिथेच करायचा असं ठरलं होतं. अकरा जणांचा दिवसातून तीनदा चहा, दोन वेळचे पोहे-उपमे आणि त्यांची भांडी हे सगळं वहिनीने आणि मी उरकलं. कुणी सांगितलं नव्हतं, ते आपोआप आमच्याकडे आलं. सहलीच्या हिशोबात हा खर्च कुठेच लिहिला गेला नाही.

तेव्हापासून हॉटेल घ्यावं की घर, असं कुणी विचारलं की मी भाड्याच्या आधी एक प्रश्न विचारते: घरमालक रात्री कुठे असतो?

कारण ‘घर’ या एका शब्दात दोन अगदी वेगळ्या गोष्टी मावतात. एक म्हणजे मालक कुटुंबासह राहतो ते घर. वाडीत मागच्या बाजूला चार खोल्या बांधलेल्या, जेवण त्यांच्याच चुलीवरचं. कोकणात याला ‘घरगुती राहण्या-जेवणाची सोय’ म्हणतात आणि तशा पाट्या रस्त्यारस्त्यावर दिसतात. दुसरी म्हणजे रिकामा बंगला किंवा फ्लॅट. तो गुंतवणूक म्हणून घेतलेला असतो आणि चालवणारा कुणी तिसराच असतो. ॲपवर या दोन्ही एकाच यादीत, शेजारी-शेजारी दिसतात. आपल्याला मात्र फरक रात्री साडेदहाला कळतो.

पर्यटन मंत्रालयाच्या ‘अतुल्य भारत’ निवास-न्याहारी योजनेत हा फरक पक्का धरला आहे. जास्तीत जास्त सहा खोल्या, बारा खाटा, आणि मालकाचं कुटुंब त्याच घरात राहत असलं पाहिजे. महाराष्ट्रात पर्यटन विकास महामंडळाने सुरू केलेली निवास व न्याहारी योजनाही आहे. कोकणातल्या कित्येक पाट्यांवर तिचा उल्लेख असतो. पाटी दिसली म्हणून डोळे मिटून जाऊ नये, पण नोंदणी आहे का हे विचारायला हरकत नसते. ज्याची असते तो अभिमानाने सांगतो.

मालक हजर असलेल्या घराची ओळख पहिल्या फोनमध्येच पटते. हॉटेलवाला विचारतो, एसी की नॉन-एसी? दिवेआगर-गुहागरकडच्या काकू विचारतात, माणसं किती, मुलं केवढी, गुरुवार कुणाचा आहे का, मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा. मालवण-तारकर्लीकडे प्रश्न मासळीचा असतो. सकाळी बाजारात काय आलं त्यावर दुपारचं ताट ठरतं, म्हणून किती ताटं लावायची ते रात्रीच सांगावं लागतं. ऐनवेळी ‘आम्ही बाहेर जेवलो’ म्हणणं तिथे शोभत नाही. सुरमई घेऊन झालेली असते.

या घरांची शिस्त आपण समजून जायला हवी. कुठे फक्त शाकाहार असतो, कुठे दारू चालत नाही. रात्री नऊनंतर जेवण मिळेलच असं नाही. समुद्रावरून आलं की अंगणातल्या नळावर पाय धुऊनच वर यायचं. एप्रिल-मेमध्ये विहीर खाली गेलेली असते, तेव्हा शॉवर सोडून अर्धा तास उभं राहणं हा त्या घरावर अन्याय आहे. हे जाचक वाटत असेल तर हॉटेल घ्यावं आणि मोकळेपणाने घ्यावं. त्यात कमीपणा नाही.

पैसे घेऊन पाहुणा घरात उतरवणं ही नव्या ॲपची देणगी आहे असं तरुणांना वाटतं. पण त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथे यात्रेकरू पिढ्यान्‌पिढ्या क्षेत्रोपाध्यायांच्या आणि बडव्यांच्या घरी उतरत आले. नाशिक-त्र्यंबकला उपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पणजोबांची नावं सापडतात ती त्यामुळेच. धर्मशाळा होत्या, देवळालीला समाजासमाजांची सॅनेटोरियम होती. आज शेगाव, शिर्डी, पंढरपूरला जाणाऱ्या कुटुंबासाठी संस्थानचं भक्तनिवास हा हॉटेल आणि घर या दोघांहून वेगळा, स्वच्छ आणि परवडणारा पर्याय आहे. आपल्या चर्चेत तो उगाच मागे राहतो.

राहण्याच्या सोयीतून गावाचं काय होतं, हे पाहायचं तर मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जावं. ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्याचं काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे सुरू केलं. पुढे कासव महोत्सव पाहायला लोक येऊ लागले. त्यांना उतरवलं गावकऱ्यांनीच, आपल्या घरांत. पडवीत गाद्या, साधं शाकाहारी जेवण, आणि पहाटे सगळे मिळून किनाऱ्यावर. कासवाचं पिल्लू पाण्यात जातं तेव्हा त्या घरातलं पोरही शेजारी उभं असतं. हॉटेल कितीही चांगलं असलं तरी हे देऊ शकत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. उंच जातीचा नारळ लावल्यापासून हाती यायला सहा-सात वर्षं लागतात. ज्यांच्या वाडीत पाहुण्यांच्या दोन खोल्या उभ्या होत्या, त्यांच्यासाठी त्या केवळ जोडधंदा राहिल्या नाहीत. भाव करताना मला हे आठवतं आणि मी फार घासाघीस करत नाही.

तरीही आईला घेऊन निघते तेव्हा मी बहुधा हॉटेलच पाहते. लिफ्ट असते, कमोड असतो, रात्री दोन वाजता काउंटरवर कुणीतरी जागं असतं आणि डॉक्टरचा नंबर त्याच्याकडे असतो. घरगुती राहणीत खोली पुष्कळदा माडीवर असते आणि जिना उभा. गुडघे दुखणाऱ्याला तो नकोसा होतो. वेळेचंही आहे. कोकणकन्या सकाळी कुडाळला उतरवते आणि खोली मिळते बाराला. हॉटेलमध्ये सामान काउंटरवर ठेवून चहा तरी घेता येतो. घरातल्या काकूही अंगणात बसवतात. कुलूप लावलेल्या बंगल्यापुढे मात्र बॅगांवर बसून राहावं लागतं. एकट्या बाईने किंवा एका रात्रीच्या मुक्कामाला बंगल्याचा विचारच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. किल्ली घेणं, अनामत देणं, नियम ऐकणं यातच संध्याकाळ जाते.

आता पैशांचं. पडद्यावरचा आकडा आणि खिशातून जाणारा आकडा यांत अंतर असतं. समजा हॉटेलच्या चार खोल्या प्रत्येकी ३,५०० रुपयांच्या, आणि बंगला अख्खा १४,०००चा. दिसायला सारखंच. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे आणि त्याहून महाग खोलीवर १८ टक्के. खोल्या १४,७००ला पडतात. बंगला एकच एकक धरून भाड्याने दिला असेल तर तो १६,५२०वर जातो. मालकाची स्वतःची नोंदणी नसली तरी ॲपवरून बुकिंग केल्यास कर भरण्याची जबाबदारी ॲपकडे येते, त्यामुळे तो बिलात दिसतो. त्यावर साफसफाईचे, स्वयंपाकीणबाईंचे, जास्तीच्या माणसाचे, जनरेटरच्या डिझेलचे पैसे वेगळे निघू शकतात. अनामत किती दिवसांत परत मिळेल हेही लिहून घ्यावं. दहा-बारा माणसं, तीन-चार रात्री, मुलं लहान आणि स्वयंपाकाला पगारी माणूस, एवढं जुळलं तर बंगल्यासारखी मजा नाही. चुलत-मावस भावंडं एका छताखाली रात्री गप्पा मारत बसतात ते हॉटेलच्या चार बंद दारांआड होत नाही. फक्त स्वयंपाकाचे पैसे आधी बाजूला काढावेत.

डिसेंबरात अमेरिकेहून येणाऱ्या भाच्यांना घेऊन जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. परदेशी पासपोर्ट असलेला पाहुणा उतरला की चोवीस तासांत त्याची माहिती (पूर्वीचा ‘सी फॉर्म’) भरावी लागते, जागा हॉटेल असो वा घर. हॉटेलांना याची सवय असते. घरगुती ठिकाणी फोनवरच विचारून घ्यावं. ओळखपत्र म्हणून आधार द्यायचं तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्यावं.

परदेशांतही शेवटी माझाच प्रश्न कायद्यात आला आहे. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून तीस दिवसांहून कमी मुदतीसाठी घर द्यायचं तर यजमान तिथेच राहत असला पाहिजे आणि पाहुणे दोनच. जपानमध्ये जून २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने अशा घरांना वर्षात १८० दिवसांची मर्यादा घातली, आणि मालक तिथे राहत नसेल तर नोंदणीकृत व्यवस्थापक नेमायला लावला. बार्सिलोनाने तर पर्यटक फ्लॅटचे दहा हजारांहून अधिक परवाने नोव्हेंबर २०२८पर्यंत संपवायचं जाहीर केलं आहे, कारण तिथल्या रहिवाशांनाच भाड्याने घर मिळेनासं झालं. युरोपचा बेत आखताना जाहिरातीत नोंदणी क्रमांक दिसतो का हे पाहावं. गोव्यातही १९८२च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटकांना दिलेल्या जागेची नोंद लागते.

फसवणुकीचं सांगितल्याशिवाय थांबता येत नाही, कारण ओळखीतल्या दोन कुटुंबांचे पैसे गेले आहेत. सुंदर बंगला, निम्मं भाडं, ‘अजून दोन पार्ट्या विचारतायत, आत्ता पूर्ण रक्कम टाका’. तिथे पोचल्यावर त्या पत्त्यावर नुसतं माळरान. मी आता व्हिडिओ कॉल लावायला सांगते, फाटकापासून न थांबता थेट स्वयंपाकघरापर्यंत. नळ उघडून दाखवायला सांगते. जवळचं देऊळ कोणतं, किराणा कुठे, हे विचारते आणि नकाशावर ताडून बघते. तरीही फसलोच तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. जितका लवकर, तितकी रक्कम गोठण्याची शक्यता जास्त.

यंदा आईनेच समुद्र बघायचा हट्ट धरला आहे. परवा दिवेआगरला एका घरी फोन केला. खोली खालच्या मजल्यावर आहे, कमोड आहे, पुढच्या पडवीला पायऱ्या दोनच. सगळं विचारून झाल्यावर मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. पलीकडच्या काकूंना तो जरा विचित्रच वाटला असावा.

‘‘रात्री? आम्ही कुठे जाणार, शेजारच्याच खोलीत असतो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘भिंतीवर दोनदा थापटलं तरी ऐकू येतं. आजींना रात्री गरम पाणी लागतं का?’’