गृहसुरक्षा कॅमेरा: अंतर्गत व बाह्य

घराच्या राखणीसाठी बसविल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांचे अंतर्गत व बाह्य असे दोन प्रकार आहेत. निवड किमतीपेक्षा जागेवरून ठरवावी लागते.

बाह्य कॅमेऱ्यास ऊन, पाऊस व धूळ सोसावी लागते. मुंबई-आग्रा महामार्गावरील चांदवडसारख्या गावी रस्त्यालगतच्या घरांना धुळीचा विचार पावसाइतकाच करावा लागतो. कॅमेऱ्यावरील 'आयपी ६६' या संकेतातील पहिला ६ धुळीपासून पूर्ण संरक्षण, तर दुसरा ६ पाण्याच्या जोरदार फवाऱ्यापासून संरक्षण दर्शवितो. खर्च वाचविण्यासाठी अंतर्गत कॅमेरा खिडकीच्या काचेआडून अंगणाकडे रोखला जातो. दिवसा हे साधते. रात्री मात्र कॅमेऱ्यातील अवरक्त किरण काचेवरून परतून चित्र पांढुरके होते.

अंतर्गत कॅमेऱ्यास हवामानाचे भय नसते, खासगीपणाचे असते. २०१६ साली 'मिराई' या घातक संगणकीय आज्ञावलीने कारखान्यातून आलेले, न बदललेले पासवर्ड वापरून जगभरातील असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले होते. त्यामुळे पासवर्ड बदलल्याखेरीज असा कॅमेरा इंटरनेटला जोडू नये. शयनगृहात तर तो नसलेलाच बरा. एकच कॅमेरा परवडत असेल, तर मुख्य दाराबाहेर, हात पोहोचणार नाही अशा उंचीवर बसवावा आणि चित्रण साठविणारे यंत्र घरात ठेवावे.