घरच्या सर्व्हरसाठी डिस्क घेताना

प्रोसेसरवर पैसे उधळू नका. फोटो, सिनेमे नि कागदपत्रं ठेवायला ८ जीबी रॅमचा जुना ऑफिस डेस्कटॉपही पुरतो. खरा विचार करायचा तो डिस्कचा.

घरासाठी दोन डिस्कची रेड-१ रचना बरी. प्रत्येक फाइल दोन्हीकडे लिहिली जाते, म्हणून ४ टीबीच्या दोन डिस्क लावून जागा ४ टीबीच मिळते. विंडोज तीही ३.६३ दाखवतं, यात फसवणूक नाही, कंपनी १००० ने मोजते आणि विंडोज १०२४ ने. रेड-५ ही दुसरी रचना निवडली, तर किमान तीन डिस्क हव्यात.

विकत घेण्यापूर्वी डिस्क सीएमआर पद्धतीची आहे, एसएमआर नाही ना, हे तपासाच. एसएमआरमध्ये डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात. एक बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात, आणि बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी भरताना काम रेंगाळतं. नॅस म्हणजे अशाच साठवणुकीच्या सर्व्हरसाठी म्हणून विकलेल्या आपल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं वेस्टर्न डिजिटलने २०२० मध्ये मान्य केलं होतं.

चुकून पुसलेली फाइल मात्र रेड-१ मध्ये दोन्ही डिस्कवरून जाते. तेव्हा एक यूएसबी डिस्क बॅकअपपुरती जोडा, एरवी कपाटात ठेवा. वीज जाणाऱ्या भागात यूपीएसही हवाच.