चमक उतरवायची

सकाळी ७:४५
शिरोलीत हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून पत्र्याची शेड. दहा चाकी ट्रक रात्रीच येऊन थांबलाय. मालकाला बंपरची क्रोम पट्टी, जाळीची चौकट आणि आरशांच्या पाठी मॅट काळ्या करून हव्यात. खंडेनवमी चार दिवसांवर. काम उक्तं, साडेसहा हजार, माल मिस्त्रींचा.

"ही चमक बी मीच बसवलेली," मिस्त्री चहा ओतत सांगतात. "तवा पैसे दिलं, आता घालवायला देतोय. आपलं काय जातंय?"

८:३०
खोलाखोली. पोरगं सतरा-अठराचं, रोज पाचशे. आरशाचा बोल्ट गंजलेला. डिझेल सोडून थांबायचं, पाना लावायचा, पुन्हा डिझेल. एका बोल्टनं वीस मिनिटं खाल्ली.

९:३०
घासणं. आजचं खरं काम हेच. गुळगुळीत क्रोमवर रंग धरत नाही, महिन्याभरात पोपडे निघतात. ३२० नंबरचा पाणीपेपर तिहेरी घडी घालून, बादलीत बुडवून, एकाच चालीनं फिरवायचा. सपाट भाग लवकर होतो. कडा आणि कोपरे माणसाला रडवतात. पेपर पंचवीस रुपयाला एक, पाच संपले. पोराच्या बोटांची टोकं पांढरी पडलीत.

"झालं बघा मामा."

मिस्त्री पट्टीवर पाणी ओततात. पाणी सगळीकडं पसरलं तर पत्रा स्वच्छ. इथं कोपऱ्यात ते थेंबाथेंबानं फुटतं, म्हणजे तेलकटपणा राहिलाय.

"तुझं तोंड दिसतंय की रं अजून त्यात. घास."

दुपारी १२:१०
थिनरनं पुसून प्रायमर. बाकी गाडीला रद्दी पेपर आणि मास्किंग टेप. तेवढ्यात मालकाचा फोन: मागची रिफ्लेक्टरची लाल पट्टीबी काळी करा, लई भारी दिसंल.

"ती नगं मालक. पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल, नियमच हाय त्यो. फिटनेसला गाडी परत येईल. आणि रात्री मागनं येणाऱ्याला काय दिसायचं?"

मागच्या फाळक्यावर जुन्या रंगाखालून 'हॉर्न ओके प्लीज' पुसट दिसतं. २०१५ साली महाराष्ट्रात त्या ओळीवर बंदी आली. मिस्त्रींचा हात तेव्हा अक्षरांवर बसलेला. फूटपट्टीशिवाय लिहायचे म्हणे. मला ते खरं वाटतं. मास्किंग टेपची रेघसुद्धा ते नजरेनंच ओढतात.

१:१५
भाकरी, वांगं, कांदा. प्रायमर वाळतोय.

२:४०
पाऊस. डबा उघडलेला, पण मिस्त्री हार्डनर ओतत नाहीत. एकदा ओतला की रंग काही तासांत वापरावाच लागतो, आणि ओल्या हवेत मारला तर फिनिश बिघडतं. तासभर नुसतं बसणं. रोज मात्र चालूच.

४:००
उघडलं. चार माप रंगाला एक माप हार्डनर. तोंडाला रुमाल, तोच मास्क. कॉम्प्रेसर धडधडतो. गन वीतभर लांब, हात सरळ जाऊन सरळ परत. पहिला हात पातळ, पंधरा-वीस मिनिटं थांबून दुसरा.

दुसऱ्या हातावर डाव्या आरशाच्या पाठीवर चिलट बसलं. चकचकीत रंग असता तर वाळल्यावर घासून पॉलिश मारलं असतं. मॅटला पॉलिश लावलं की तिथंच चमक येते. म्हणजे अख्खी पाठ उद्या पुन्हा. मिस्त्री चिलटाला एक शिवी घालतात, सावकाश, पूर्ण.

संध्याकाळी ६:४०
हिशेब पाकिटामागं. रंग, हार्डनर, प्रायमर, थिनर मिळून सत्तावीसशे; पेपर-टेप अडीचशे; पोराचे पाचशे; लाइट आणि भाडं वेगळं. उद्याच्या पाठीचा रंग पदरचा. मालक येतो, पट्टीवर बोट टेकवणार इतक्यात मिस्त्री हात धरतात. चार हजार मिळतात. बाकीचे "दसऱ्याला बघू."

मगात अर्धा कप रंग उरलाय. उद्याच्या पाठीला पुरला असता. पोरगं ढवळायची काडी त्यातच विसरून गेलं. सकाळपर्यंत ती तिथंच उभी राहील.