पाच हिरवा, सात जांभळा

वेळणेश्वरची सातवीतली एक मुलगी आजीबरोबर आमच्या सरकारी रुग्णालयात आली. केसपेपरवर लिहिलं होतं, 'डोळ्यांची तक्रार'. तक्रार अशी, की तिचे आकडे रंगीत असतात. पाच हिरवा, सात जांभळा, शून्य पांढरं. वर्गात सांगितलं तर मुलं हसली, घरी सांगितलं तर आईने दृष्ट काढली. मग तिने त्यावर बोलणंच सोडलं. पण वर्गातल्या तक्त्यावर पाच लाल रंगात छापलेला होता, आणि तो समोर आला की तिचं गणित अडायचं.

खरं सांगायचं तर माझ्या मनात आधी फिट्सची शंका आली. झटके, डोकेदुखी, डोक्याला मार, नजर, सगळं विचारून-तपासून झालं. काही निघालं नाही. मग शून्य ते नऊ या आकड्यांचे रंग तिला विचारले आणि टिपून ठेवले. दीड महिन्याने ती आली तेव्हा आधी काही न सांगता, क्रम बदलून पुन्हा विचारले. दहाच्या दहा तेच! रचून सांगणारा माणूस इथे हमखास अडकतो.

याला सिनेस्थेशिया म्हणतात. एका संवेदनेबरोबर दुसरी आपोआप जागी होते. कुणाला सूर ऐकताना रंग जाणवतात, क्वचित कुणाला शब्दांना चव असते. शाई काळी आहे हे या माणसांना दिसत असतं. बहुतेकांचा रंग मनात उमटतो. १८१२ साली गेऑर्ग साक्स या जर्मन डॉक्टरने आपल्या प्रबंधात स्वतःचाच असा अनुभव नोंदवला होता. मूळचे तमिळनाडूचे मेंदूतज्ज्ञ डॉ. व्ही. एस. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी एडवर्ड हबर्ड यांनी २००१ मध्ये त्याचं एक कारण सुचवलं. आकडे ओळखणारा आणि रंग ओळखणारा असे मेंदूचे दोन भाग अगदी शेजारी आहेत. अशा लोकांत त्यांच्यात जोडणी जास्त असावी. आपल्याकडच्या भाषेत, दोन घरांमधला गडगाच घातलेला नाही.

हा आजार नाही, त्याला औषध नाही आणि लागतही नाही. मी शिक्षकांना चिठ्ठी दिली: मुलगी खोटं बोलत नाही, तिला आकडे काळ्या रंगातच लिहून द्यावेत.

मात्र एक फरक लक्षात ठेवा. लहानपणापासून असलेलं आणि न बदलणारं वेगळं. मोठेपणी नव्याने सुरू झालेलं वेगळं. अर्धशिशी, फिट्स, काही औषधं यांतूनही रंग किंवा आकृत्या दिसतात. नजर खूप कमी झालेल्या म्हाताऱ्या माणसांना कधी अंगणात माणसं दिसतात, डोकं मात्र शाबूत असतं. शार्ल बोने याने १७६० साली मोतीबिंदू झालेल्या आपल्या आजोबांचा असा अनुभव लिहून ठेवला, म्हणून या प्रकाराला त्याचं नाव आहे. आपल्याकडे अशा आजोबांना आधी भगताकडे नेतात आणि ते बिचारे वेड लागलं म्हणतील या भीतीने पुढे सांगतच नाहीत. त्यांना आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.

मुलीच्या दुसऱ्या खेपेला आजी निघता निघता थांबली. म्हणाली, "डॉक्टर, आकड्यांचं मला माहीत नाही. पण वारांना रंग असतात ना?"

सिनेस्थेशिया बरेचदा घराण्यात चालतो, आणि ब्रिटनमधल्या २००६ च्या एका पाहणीत वारांचे रंग हाच सर्वांत जास्त आढळलेला प्रकार होता. त्या पाहणीत शंभरातल्या साधारण चौघांना कसला ना कसला सिनेस्थेशिया निघाला. तरी मी सावध होतो. गुरुवार पिवळा, हे तर दत्ताचा कुठलाही भक्त सांगेल. आजीचा गुरुवार तपकिरी होता, "भिजलेल्या जांभ्यासारखा", आणि सोमवार चक्क काळा.

"कुणाला सांगितलंत कधी?"

"त्यात काय सांगायचं? मला वाटलं, सगळ्यांनाच दिसतात." मग नातीकडे बघत तिने मलाच विचारलं, "तुमचा गुरुवार कसला?"

माझा बिनरंगाचा. त्या दिवशी मधुमेहाची ओपीडी असते.