ऐन मुहूर्ताला मुका माइक

राहात्याला पेरू खायला म्हणून जावे आणि माइकची विद्या शिकून यावे, असा योग गेल्या मार्गशीर्षात माझ्या नशिबी आला. निमित्त मावसभावाच्या मुलीचे लग्न. अक्षता वाटून झाल्या, अंतरपाट धरला, भटजींनी पहिले मंगलाष्टक सुरू केले, आणि दुसऱ्याच चरणाला त्यांच्या हातातला बिनतारी माइक मुका झाला!

पुढे जे झाले ते आपल्याकडे सगळीकडे होते. चार उत्साही तरुण ॲम्प्लिफायरवर तुटून पडले. एकाने दिसेल ते बटण पिळले. मध्येच क्षणभर माइक जिवंत झाला आणि कर्ण्याने अशी शीळ घातली की नवरीच्या आजींनी कानांवर हात ठेवले. बिचाऱ्या आजींना आधीच कमी ऐकू येते. नातीची मंगलाष्टके नीट ऐकायची म्हणून त्यांनी खुर्ची मुद्दाम कर्ण्यासमोर मांडून घेतली होती!

तेवढ्यात माइकवाले काका धावत आले. "भाऊ, आधी हात काढा सगळे. आवाज तोंडापासनं शोधीत यायचा, कर्ण्यापासनं न्हाई."

त्यांनी प्रथम माइकमधले सेल बदलले. मग आवाज झेलणारी पेटी, म्हणजे रिसीव्हर, शोधली. तिच्यावर दोन दिवे असतात. पहिला लहरी पोचल्या की लागतो, दुसरा आवाजाबरोबर लुकलुकतो. पहिलाच विझलेला असेल तर दोष माइक किंवा लहरींकडे. दोन्ही लागूनही कर्णा गप्प, तर दोष पुढच्या वायरीत किंवा ॲम्प्लिफायरमध्ये. एवढे कळले की निम्मे काम झाले. इथे पहिलाच दिवा मिणमिणत होता. कारण ती पेटी कुणीतरी आहेराच्या लोखंडी कपाटामागे सरकवली होती, आणि पुढे वऱ्हाडाची भिंत! पत्रा या लहरी अडवतो आणि माणसाचे पाणीदार शरीर त्या गिळते. काकांनी पेटी उंच स्टुलावर, भटजींच्या नजरेसमोर ठेवली. शेवटची दोन मंगलाष्टके आजींनी मान डोलावत ऐकली.

जेवणानंतर मी काकांना गाठले. भटजींनी माइकची जाळी मुठीत धरली होती, त्याने शीळ वाढते, असे ते म्हणाले. समोरचा आवाज घेणारा माइक मग चहूकडचा घेऊ लागतो. कर्ण्याचा आवाज त्यात शिरतो, मोठा होऊन पुन्हा कर्ण्यातून निघतो. म्हणून माइक कर्ण्याच्या मागेच असावा. मुठीची दांडी मधोमध धरावी. पुष्कळ माइकांचा एरियल खालच्या टोकाला असतो. आणि फुंकर, टिचकी बंद! "नुसतं बोला की," काका म्हणाले.

बोलता बोलता एका तरुणाने कर्ण्याची घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकायचे सुचवले. एवढा वेळ हसरे असलेले काका एकदम तापले. "माझा जोडीदार असाच वायरच्या माइकला चिकटला होता. वाचला, पण हात गेला कामातून!" घरघर बहुधा दोन ठिकाणांहून वीज घेतल्याने येते, सगळी यंत्रे एकाच बोर्डावर लावून पाहावीत, पिनला हात लावू नये. आपल्या सोसायटीच्या गणेशोत्सवात ही पिन कोण काढतो, ते जरूर पाहा!

आवरताना त्यांनी आधी ॲम्प्लिफायर बंद केला, मग बाकीचे. चालू करताना तो शेवटी. वायर कोपराभोवती न पिळता सैल वेटोळ्यांत गुंडाळली. माइकची जाळी काढून साबणपाण्याने, मऊ ब्रशने धुतली आणि वाळत ठेवली. ओली बसवली तर आतला नाजूक पडदा बिघडतो. सेल मात्र आठवणीने बाहेर, नाहीतर ते पाझरून आतले पितळ खातात.

निघताना काकांनी पिशवीत पेरू घातले. वर वापरलेले दोन सेलही ठेवले. "घड्याळाला चालतील, भाऊ. लग्नाला न्हाई."