पाणी जिथं पाठ फिरवतं

पाडव्यानंतरच्या रविवारी पहाटे साडेपाचला पिंपरी-चिंचवडमधली आमची रहाटणी अजून झोपेत होती. फटाक्यांचा कागद रस्त्याच्या कडेला लोटलेला, काही बाल्कन्यांतले आकाशकंदील रात्रभर तसेच तेवत राहिलेले. माझा धाकटा चुलतभाऊ भोसरीच्या एमआयडीसीत मशीनवर काम करतो. निघायच्या आधी त्यानं खाली उकिडवं बसून टायरमधली हवा, चेनचा ताण आणि दोन्ही ब्रेक पाहिले, मग हेल्मेटचा पट्टा ओढून बघितला आणि मगच म्हणाला, "चल दादा."

आमच्याकडे मोटारसायकल म्हणजे निव्वळ वाहन नव्हे. बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेल्या स्कूटरींनी इथल्या कितीतरी घरांच्या चुली पेटवल्या. २००१ साली 'पल्सर' आली आणि चाकणचं नाव देशभरातल्या तरुणांना ठाऊक झालं. ५ जुलै २०२४ रोजी सीएनजीवर चालणारी जगातली पहिली मोटारसायकल बाजारात आली, तीही बजाजचीच. भोसरी-चाकणच्या छोट्या कारखान्यांत कुणी गिअरचे दाते कापतं, कुणी शॉकअपच्या नळ्या घासतं. पण ज्या रस्त्यावर त्या गिअरची आणि ब्रेकची खरी परीक्षा होते, तो घाट आपल्यापासून जेमतेम साठ-सत्तर किलोमीटरवर आहे. त्याचं नाव ताम्हिणी.

नदीच्या उलट

काळेवाडी फाटा, वाकड, हिंजवडी. आयटी पार्कच्या काचेच्या इमारती मागे पडल्या की माण, मग घोटावडे. इथून रस्ता पिरंगुटकडे वळतो आणि वाटेत मुळा नदी ओलांडतो. आम्ही पुलावर थांबलो. पावसाळा संपून महिना-दीड महिनाच झाला होता. पात्र चांगलं रुंद, पण पाणी त्या मानानं कमी. भाऊ म्हणाला, "वरती एवढा पाऊस झाला, तो गेला कुठं?" तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ही मुळा आपल्याला परकी नाही. रहाटणीजवळून वाहणारी पवना दापोडीला हिलाच मिळते. पुढे पुण्यात संगमावर मुठा येते, मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे रहाटणीहून ताम्हिणीला जाणं हा आपल्याच नदीच्या उलट दिशेनं केलेला प्रवास आहे. पिरंगुटचे कारखाने, मुळशी तालुक्याचं ठाणं असलेलं पौड, मग दोन्ही बाजूंना भाताची कापणी झालेली खाचरं.

चढ कुठं आहे?

घाटाला निघालेला नवखा माणूस चढाची वाट बघत राहतो आणि तो फारसा येतच नाही. मुळशी धरणाचा जलाशय समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर आहे आणि आपण राहतो तो पिंपरी-चिंचवडचा भागही साडेपाचशे मीटरच्या आसपासच. दख्खनचं पठार पश्चिमेला उंच आणि पूर्वेला उतरतं आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हापुन्हा बाहेर आला, थरावर थर बसले आणि हा काळा कातळ तयार झाला. त्याची पश्चिमेकडची कडा म्हणजे सह्याद्री. म्हणून आपल्याकडून जाताना सह्याद्री उंच वाटत नाही. त्याची उंची कळते ती कड्यावर उभं राहून कोकणात बघताना.

पावसाचं गणितही या कडेवरच सुटतं. अरबी समुद्रावरून येणारे ढग या भिंतीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि रिते होतात. जुलै २०२४च्या अखेरच्या आठवड्यात ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुणे शहरात अख्ख्या वर्षात पडतो त्याच्या जवळपास तीन-चतुर्थांश पाऊस एका दिवसात! भिंत ओलांडून शहराकडे येईपर्यंत ढगांत फारसं काही उरत नाही.

बुडालेली गावं

पौड सोडल्यावर थोड्या वेळानं झाडीतून मुळशीचा जलाशय दिसू लागतो. सकाळच्या उन्हात पाणी इतकं शांत असतं की गाडी आपोआप थांबते. फोटो जरूर काढावा, पण त्याआधी या पाण्याखाली काय आहे ते ठाऊक असावं.

मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज हवी होती. त्यासाठी टाटा कंपनीनं मुळा-नीळेच्या खोऱ्यात धरण बांधायला घेतलं. भाताची सुपीक खाचरं आणि मावळ्यांची बावन्न गावं या योजनेच्या तडाख्यात सापडली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळे धरणाच्या जागेवर बसले. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट या लढ्यातच 'सेनापती' झाले. विनायकराव भुस्कुटे त्यांच्यासोबत होते. लोकांनी मारहाण सोसली आणि तुरुंगवास भोगला. पुढे मोबदला घ्यावा की जमीन सोडूच नये, यावरून फूट पडली. १९२४मध्ये बापटांनी बांधकामाची रेल्वे अडवण्यासाठी हाती शस्त्र घेतलं आणि सात वर्षांची शिक्षा ओढवून घेतली. ते तुरुंगात असतानाच, १९२७ साली, वीजघर सुरू झालं. अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर ग्रंथ लिहिला आणि त्याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलं.

विजेची गरज खोटी नव्हती, हेही मान्य करायला हवं. पण ज्यांची जमीन गेली ते कोण होते, हे विसरून त्या पाण्याकडे बघणं मला जमत नाही. काठावर पाच मिनिटं इंजिन बंद करून उभं राहिलं तर तेवढी तरी ओळख आपण ठेवली असं होतं.

कडा

जलाशयाच्या कडेकडेनं पळसे, मग निवे आणि ताम्हिणी. पावसाळ्यात ज्या धबधब्यांपाशी गर्दी लोटते, तिथे आता कातळावरून पाण्याची बारीक धार उतरत होती. गवत सोनेरी झालेलं. खरं तर दिवाळीच हा घाट पाहायचा योग्य काळ. दरडी आणि धुक्याचे दिवस संपलेले असतात, हवा स्वच्छ असते आणि दूरवरचं कोकण दिसतं.

ताम्हिणीत विंझाई देवीची देवराई आहे. देवीच्या रानातली काटकीही तोडायची नाही, हा पिढ्यान् पिढ्यांचा नेम. त्यामुळे इथली झाडं एवढी जुनी आणि दाट राहिली. २०१३मध्ये या परिसरातलं सुमारे पन्नास चौरस किलोमीटर जंगल अभयारण्य म्हणून जाहीर झालं. नशीब असेल तर शेकरू दिसतं, आपला राज्यप्राणी. आम्हाला ते दिसलं नाही, झाडाच्या शेंड्याकडून त्याचा खडखडाटी आवाज मात्र आला. हॉर्न न वाजवता सावकाश गेलं तरच तो ऐकू येतो.

आधी गिअर, मग ब्रेक

ताम्हिणीपासून रस्ता कोकणात कोसळतो. इथे भावानं मला पुढे जाऊ दिलं नाही. "दादा, आधी गिअर, मग ब्रेक," तो म्हणाला. ब्रेक गाडीचा वेग खातो आणि त्या वेगाची उष्णता करतो. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरला तर तो तापतो आणि त्याची पकड सुटायला लागते. म्हणून ज्या गिअरवर घाट चढता येईल त्याच गिअरवर तो उतरायचा. मग इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं आणि ब्रेक वळणाच्या तोंडाशी, गाडी सरळ असताना, वापरायला उरतो. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडणारे असतात. ते ही ओढच काढून टाकतात आणि सगळं ओझं ब्रेकवर येतं.

वळणावर नजर समोरच्या खड्ड्यावर खिळवायची नाही, रस्ता जिथे बाहेर पडतो तिकडे न्यायची. जिकडे नजर, तिकडे गाडी. वळणाच्या आतल्या बाजूला खडी आणि ओला पाला साचलेला असतो, गुरंही बसलेली असतात. रस्ता अरुंद असेल तर चढून येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. हा शिष्टाचार आहेच, शिवाय वाहतुकीचा नियमही आहे. उतारावर थांबलेली गाडी सहज पुन्हा निघते, चढावर थांबलेल्या भरल्या ट्रकला ते जड जातं. एकशे पंचवीस सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९पासून एबीएस सक्तीचं आहे. त्यामुळे जोरात ब्रेक दाबला तरी पुढचं चाक जाम होत नाही, पण खडीवर आधीच जास्त वेगात शिरलेल्या गाडीला एबीएसही फारसं वाचवू शकत नाही.

भिऱ्याचं पाणी

घाट उतरून विळे गाठलं. सरळ गेलं तर माणगाव आणि मुंबई-गोवा महामार्ग. आम्ही पाटणूसमार्गे भिऱ्याकडे वळलो, कारण सकाळच्या प्रश्नाचं उत्तर तिथं होतं.

मुळशीत अडवलेलं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे वळवलं आहे. मोठ्या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली येऊन ते भिऱ्याच्या वीजघरातली चक्रं फिरवतं आणि कुंडलिका नदीत उतरतं. पुढे कोलाडला राफ्टिंग चालतं तेही याच पाण्यावर. सकाळी वीजघरातून पाणी सुटलं की तराफे निघतात.

जे पाणी मुळेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळायचं, ते इथं पाठ फिरवून अरबी समुद्राला जातं. एका धरणानं नदीची दिशा बदलली आणि शंभर वर्षांनीही ती तशीच आहे. सह्याद्रीचा माथा हा पाणी वाटून देणारा बांध, पण त्या बांधालाच माणसानं भोक पाडलं. सोलापूरकडचा भीमाकाठ उन्हाळ्यात पाण्यासाठी तळमळतो, तेव्हा हे वळवलेलं पाणी पूर्वेला परत द्यावं अशी मागणी होते. ती मागणी कुठून येते ते भिऱ्यात उभं राहिलं की कळतं.

परतीचा घाट ऊन असतानाच चढायचा, हे ठरवूनच निघालो होतो. या दिवसांत सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि अंधारात वळणावरची खडी दिसत नाही. पौडला चहा घेतला आणि संधिप्रकाशात पुन्हा घोटावड्याच्या पुलावर आलो. भावानं न सांगता गाडी बाजूला घेतली. खाली मुळा तशीच, पात्राच्या मानानं बारीक. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे वरचं पाणी डोंगरापलीकडं गेलं. धरणाच्या खाली जेवढं पडलं आणि झिरपलं, तेवढंच आपल्या वाट्याचं."

मग त्यानं गाडीला किक मारली. पुढचं वाकड, काळेवाडी फाटा, रहाटणी आम्ही त्या उरलेल्या पाण्याच्या दिशेनंच गेलो.