64 मिलिमीटरचं जेट

दिवाळीनंतर मका निघाला, की अजिंठा ते सिल्लोड पट्ट्यात मोकळी रानं मिळतात. फोमचं छोटं जेट उडवायला याहून चांगला मोसम नाही. सकाळची हवा थंड, म्हणून दाट असते, आणि या विमानाचं सगळं गणित हवेच्या दाटपणावरच चालतं. याच जिल्ह्यातला चिकलठाण्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 580 मीटरवर आहे. एवढ्या उंचीवर मे महिन्यात पारा चाळिशीला टेकला, की हवेची घनता प्रमाण मानलेल्या 1.225 किलो प्रति घनमीटरवरून 1.05 च्या आसपास उतरते. पंख्याचा रेटा सातव्या हिश्शानं घटतो आणि हवेत तरंगायला लागणारा वेग मात्र वाढतो. हिवाळ्यात झकास उडणारं विमान उन्हाळ्यात फेकताक्षणी पोटावर बसतं, ते यामुळे.

हौशी मंडळी याला नुसतं ‘ईडीएफ’ म्हणतात. विमानाच्या पोटात एक नळी, नळीत विजेवर फिरणारा पंखा. स्वस्तातल्या मॉडेलमध्ये तो बहुधा 64 मिलिमीटर व्यासाचा असतो. मधला गोल भाग वगळला, तर हवा जायला जेमतेम 26 चौरस सेंटिमीटर जागा उरते. तेवढ्याच वजनाच्या विमानावरचा नऊ इंची प्रोपेलर 400 चौरस सेंटिमीटरहून अधिक हवा कवेत घेतो. थोडी हवा फार वेगानं मागे फेकायची, तर वीज जास्त खर्च होणारच. म्हणून तीन-चार मिनिटांत उतरायची वेळ होते. ब्रशलेस मोटर आणि लिपो बॅटरी हौशी लोकांच्या आवाक्यात आल्या, तेव्हाच हा प्रकार रुळला.

ईडीएफसाठी मिग-21 चा आकार मला सगळ्यांत मनाजोगता वाटतो. नाकातून हवा आत, शेपटीतून बाहेर, मध्ये सरळ नळी. नाशिकजवळच्या ओझरच्या एचएएल कारखान्यात ही विमानं बांधली गेली आणि 26 सप्टेंबर 2025 रोजी हवाई दलानं त्यांना निरोप दिला. मराठी मुलाच्या टेबलावर या विमानाचं मॉडेल असणं अगदी स्वाभाविक आहे. मात्र त्रिकोणी पंख छोटे, त्यामुळे ते संथ उडत नाही, हे आधीच समजून घ्यावं.

आता सुधारणेचा विषय, कारण पैसा इथेच वाया जातो. जो तो आधी बॅटरी बदलतो: तीन सेलची काढून चार सेलची. व्होल्टेज 11.1 वरून 14.8 झालं आणि फेरे त्याच प्रमाणात वाढले, तर रेटा पावणेदोन पटींवर जातो, पण विजेचा खर्च सव्वादोन पटींच्याही पुढे. आधी 30 अँपिअर ओढणारी मोटर 50 च्या पलीकडे जाऊ पाहते. प्रत्यक्षात आकडा थोडा कमी भरतो, तरी मोटरचा वेग सांभाळणारा 40 अँपिअरचा ईएससी जळायला तेवढा पुरेसा असतो. वॉटमीटर लावून मोजल्याशिवाय चौथा सेल जोडू नये.

त्याआधी पंखा बाहेर काढावा. रोटर बारीक दांडीवर आडवा ठेवला, की जड पातं आपोआप खाली येतं. समोरच्या हलक्या पात्याच्या मुळाशी, आतल्या बाजूला, चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावायचा आणि रोटर कुठेही थांबवला तरी जागचा हलत नाही, तोवर हेच करत राहायचं. घरघर जाऊन स्वच्छ शीळ ऐकू येते, बेअरिंगही टिकतं. मग नळीतले सांधे, लोंबणाऱ्या वायरी, गोंदाचे ओघळ साफ करावेत. मागचं तोंड थोडं अरुंद केलं, तर पाण्याच्या नळीवर बोट दाबल्यासारखा झोत वेगवान होतो. वरचा वेग वाढतो, पण उड्डाणाच्या क्षणी लागणारा जोर घटतो. अजिंठ्यासारख्या उंच पठारावर मी ते करणार नाही.

फेकणं ही वेगळी कला आहे. प्रोपेलरचा वारा शेपटीवर येतो, म्हणून ते विमान संथ असतानाही एलिव्हेटर काम करतो. ईडीएफचा झोत मात्र आतूनच निघून जातो. पूर्ण थ्रॉटल देऊन पंख्यानं फेरे घेतले, की विमान वाऱ्याच्या तोंडावर, जवळजवळ सपाट सोडायचं आणि वेग येईपर्यंत स्टिक ओढायची नाही. उतरताना कापसाच्या पऱ्हाट्यांचं रान टाळावं, खुंट पोट फाडतात. नाक चेपलंच, तर गरम पाण्यात धरावं. ईपीओ फोम बराचसा पुन्हा फुगतो.

अजिंठा लेण्यांचा परिसर संरक्षित आहे, तिथं परवानगीशिवाय काहीही उडवायचं नाही. बाकी ठिकाणीही ड्रोनसाठीच्या सरकारी डिजिटल स्काय नकाशावर हिरवा भाग पाहूनच जावं, 400 फुटांच्या आत राहावं आणि विमान नजरेआड होऊ देऊ नये.

पहिलं विमान म्हणून ईडीएफ घेऊ नका. उंच पंखांचं, प्रोपेलरचं ट्रेनर हवं तिथे उतरवता येऊ लागलं, की मग जेट घ्या. पैसे आधी दुसऱ्या बॅटरीवर खर्च करा, मग चांगल्या रोटरवर. चौथा सेल सगळ्यांत शेवटी.